चर्चा: देवळातल्या वेशाचा नियम परंपरेच्या नावाने करता येईल का?

माहेरवाशीण:
१८ मे २०२३ रोजी तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात अंगप्रदर्शक आणि असभ्य कपडे घातलेल्यांना, तसेच हाफ पँट व बर्मुडा घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असे फलक लागले आणि टीका होताच त्याच दिवशी ते मागे घेण्यात आले. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीच्या संस्थानाने भाविकांना सभ्य पोशाखात येण्याचे आवाहन केले होते, तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने तोकडे कपडे घातलेल्यांना प्रवेश न देण्याचे जाहीर केले. या नियमांच्या समर्थनार्थ ‘ही आपली परंपराच आहे’ असे सांगितले जाते आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

आपल्या परंपरेतला देवळाचा वेश म्हणजे सोवळे, आणि सोवळ्याचा संबंध अंग किती झाकले याच्याशी नसून वस्त्र शुद्ध आहे की नाही याच्याशी आहे. सोवळ्यातला पुरुष कद किंवा धोतर नेसतो आणि वर फार तर उपरणे घेतो. शिवलेला कपडा तिथे चालत नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात तर पुरुषाला सदरा उतरवूनच आत जावे लागते. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात २०१६ साली स्त्रियांना प्रवेश देताना ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्राची अट घातली गेली. ओले लुगडे अंगाला कसे चिकटते हे कोणत्याही बाईला ठाऊक आहे, पण अट घालणाऱ्यांना त्यात असभ्य काही वाटले नाही, कारण त्यांच्यासमोरचा प्रश्न शुद्धतेचा होता. आजचा फलक मात्र गुडघा आणि खांदा पाहतो. ही दृष्टी नवी आहे, आणि ती नवी आहे हे आपण मान्य करावे.

पायी वारी:
ताई, सोवळ्याबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, पण सोवळे हे पुजाऱ्याचे आणि अभिषेक करणाऱ्याचे. रांगेतल्या भाविकाने सोवळे कधीच नेसलेले नाही. तरीही त्याला वेशाची रीत होती. आमच्या घरच्या बायका पायरीवर पाय ठेवताना डोक्यावरून पदर घेत, पुरुष कातडी पट्टा काढून ठेवत, आणि हे कुणी फलकावर लिहिले नव्हते, कारण ते सगळ्यांना माहीत होते. आज राज्याबाहेरून, परदेशातून, सहलीच्या वाटेवरून माणसे येतात, म्हणून ते लिहावे लागते. गुरुद्वारात डोके झाकायला सांगितले तर आपण रुमाल बांधतो आणि त्यात आपला अपमान झाला असे म्हणत नाही. मी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातो. दिवसरात्र चालून आलेला माणूस देवीसमोर चार क्षण उभा राहतो, तेव्हा त्याचे मन दुसरीकडे जाऊ नये, एवढी काळजी देवस्थानाने घेतली तर ती मला योग्य वाटते.

दोन मुलांची आई:
त्या पायी येणाऱ्यांतले कितीतरी तरुण हाफ पँटमध्येच असतात. त्यांना दारातून परत पाठवणार का?

गेल्या वर्षी कोकणातल्या एका देवळात माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला फ्रॉक गुडघ्याच्या वर आहे म्हणून अडवले आणि कुणीतरी आधी वापरलेली लुंगी कमरेला गुंडाळायला दिली. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ चड्डीत होता. त्याला कुणी काही विचारले नाही. फलकावर ‘असभ्य’ एवढाच शब्द होता, आणि त्याचा अर्थ दारावरचा रखवालदार तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून ठरवत होता. देवाच्या दारात तिला आपल्या पायांची लाज वाटू लागली, आणि ती आता देवळात यायला तयार नसते.

इतिहासाचा विद्यार्थी:
झाकण्याचा नियम कुणाच्या हाती असतो, हेही पाहायला हवे. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार या खालच्या मानलेल्या जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याची मनाई होती, कारण वरच्या जातींपुढे उघडे राहणे हीच त्यांची मर्यादा ठरवली गेली होती. दीर्घ संघर्षानंतर १८५९ साली तिथल्या राजाला त्यांना अंग झाकण्याची मोकळीक द्यावी लागली, आणि तीही वरच्या जातींच्या बायकांसारखा पदर घ्यायचा नाही या अटीवर.

पायी वारी:
त्रावणकोरमध्ये विशिष्ट जातींना कमी लेखण्यासाठी नियम होता. इथे तो सर्वांना सारखा आहे, म्हणून ती तुलना मला पटत नाही. मात्र मुलीला अडवून मुलाला सोडले, हा अन्याय झाला, यात शंका नाही. ‘असभ्य’ हा शब्द काढून खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असे स्त्री-पुरुष दोघांसाठी स्पष्ट लिहावे, आणि दारात स्वच्छ धुतलेली उपरणी ठेवावीत. पण नियमच नको, हे मला मान्य नाही.

माहेरवाशीण:
दादा, आपण सुचवलेला नियम ‘इतर भाविकांच्या सोयीसाठी’ असे लिहून लावला, तर मी तो पाळीन आणि माझ्या मुलींनाही पाळायला सांगेन. परंपरेच्या नावाने लावला तर पाळणार नाही. माझी पणजी ऐन तारुण्यात विधवा झाली. तिचे केशवपन केले, लाल आलवण नेसायला दिले आणि चोळी कायमची काढून घेतली. उरलेले सगळे आयुष्य ती उघड्या पाठीने, दंडावर पदर ओढत देवळात गेली, आणि गाव तिला ‘सोवळी बाई’ म्हणत असे.