मदत हवी आहे: आंब्याचं पीक कर्ज, ३० जून तोंडावर. नवं-जुनं (जुनं फेडून लगेच नवं कर्ज) करावं की पुनर्गठन?

खाडीपलीकडे (जून २०२१):

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून लिहितोय. वडिलांच्या नावावर १ लाख ६० हजारांचं पीक कर्ज आहे. त्याच्यावर गेलं की तारण मागतात, म्हणून बरोबर तेवढंच. सव्वाशे कलमं, त्यातली चाळीस म्हातारी. आमची मुदत ३० जूनला संपते आणि हातात सत्तर हजार आहेत.

परवा बँकेत साहेबांनी विचारलं, "आंबा तर दरवर्षी धरतो, मग पैसे जातात कुठे?" वडील गप्प राहिले. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

२०१९ चा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, मोहोर उशिरा आला. त्यामुळे २०२० ची आमची तोड आणि टाळेबंदी यांची नेमकी गाठ पडली. फळ थोडं होतं, पण चांगलं होतं. गाडी मिळेना, मिळाली तर पास नाही, माल वाशीला पोचला तर गिऱ्हाईक नाही. पडवीत पेंढ्यात घातलेली अढी वासाने घर भरून टाकत होती आणि घरात कोणाला तो वास नको झाला होता. चाळीस पेट्यांची एक पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा हिशेबाचा कागद, अजून माझ्याकडे आहे. वर दर, खाली गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि शेवटी "उचल वजा". फवारणी आणि खोक्यांसाठी जानेवारीत व्यापाऱ्याकडून उचल घेतो, ती तो आधी कापून घेतो. बाकी राहिले अकराशे रुपये. बँकेचा नंबर त्याच्यानंतर.

आणि खरं सांगायचं तर हे कर्ज नुसत्या आंब्याने कधीच फिटलेलं नाही. कमी पडेल ते माझ्या मुंबईच्या पगारातून जायचं. मी हॉटेलात होतो. हॉटेल बंद, पगार बंद. मे महिन्यात गावी आलो, चौदा दिवस शाळेत काढले. आई गेटवर डबा ठेवायची, सोबत रोज चार पिकलेले हापूस. खपत नव्हते ना!

तेव्हा मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली होती. आईच्या पाटल्या गहाण टाकून भरलं. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. यंदा तौक्ते. आंब्याच्या विम्याचं संरक्षण १५ मेपर्यंत, वादळ आलं १६ मेला. यावर काय बोलणार!

आता साहेब म्हणतात, पुनर्गठन करून हप्ते पाडून घ्या. गावातले म्हणतात, कुठूनही उचला आणि नवं-जुनं करा. शिवाय सातबारा सामायिक आहे, एक काका डोंबिवलीला. काय करू?

पुणेरी वाचक:
एवढी कसरत असेल तर कर्ज घ्यायचंच कशाला? दोन वर्षं फवारणी नाही केली तर काय बिघडतं?

काजूबी:
@पुणेरी वाचक, मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना विचारा, ते सांगतील.

जुना सचिव:
बावीस वर्षं विकास सोसायटीत (गावात पीक कर्ज देणारी सहकारी संस्था) काढली, म्हणून थोडं सविस्तर.

वेळेत भरलंत तर ७ टक्क्यांतले ३ टक्के परत मिळतात, म्हणजे पडतं ४ टक्क्यांनी. १ लाख ६० हजारांवर वर्षाला हा फरक ४,८०० रुपयांचा. मुदत चुकली की हे जातं, वर पुढचं व्याज बिनसवलतीचं. तुम्हाला व्याजासकट लाखभर कमी पडतायत. गावात महिना ३ टक्क्यांनी मिळतात, आठ दिवसांना घेतले तरी महिन्याचं व्याज लावतात. तीन हजार गेले. म्हणजे कागदावर नवं-जुनं स्वस्त.

पण फसतात ते इथेच: पैसे भरले आणि नवं कर्ज दीड महिना सुटलंच नाही. म्हणून भरण्याआधी सातबारा, आठ-अ, काकांची सही, सगळं शाखेत जमा करा. किती दिवसांत रक्कम खात्यावर येईल ते विचारा. नीट उत्तर नाही मिळालं तर सावकाराच्या दारात जाऊ नका.

पुनर्गठन कशाखाली करतायत तेही विचारा. नैसर्गिक आपत्तीखालचं असेल तर ३३ टक्के किंवा जास्त नुकसान सरकारी नोंदीत हवं. पहिल्या वर्षी व्याजात २ टक्के सवलत मिळते, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर. पुढच्या हंगामाला नवं पीक कर्ज देणार का, हे लेखी घ्या. ते नसेल तर जानेवारीत परत उचल आलीच.

काजूबी:
नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार देणार होते ना? मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात ऐकलं होतं.

जुना सचिव:
ऐकलं मीही. खात्यावर आलेले पाहिले नाहीत. त्यावर हिशेब मांडू नका.

खाडीपलीकडे:
सचिव साहेब, मनापासून आभार. आज तलाठ्याकडे जाऊन आलो. पंचनाम्यात उन्मळलेली नऊ कलमं आहेत, गळून कॅनिंगला गेलेला आंबा कुठेच नाही. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. सोमवारी वडिलांना घेऊन बँकेत जातो, या वेळी मी बोलेन.

काकांना फोन केला. सही करतो म्हणाले. यंदा पेटी आली नाही, याचीही आठवण करून दिली.