आईच्या केमोसाठी बर्फाचे हातमोजे बडोद्यात कुठे मिळतील?

आई 61 वर्षांची, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय. एसी (दोन औषधांची केमो) चे 4 डोस दर 21 दिवसांनी झाले, ते निभावले. आता दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे 12 पैकी 5 डोस झालेत आणि बोटांना सारख्या मुंग्या. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. परवा फोडणी देताना मोहरी चिमटीतून निसटली, तेव्हा कुठे बोलली. (डोस कमी करतील म्हणून लपवत होती!)

मधुमेह आहे, शुगर सध्या ताब्यात, बी-12 नॉर्मल. डॉक्टरांना सांगितलंय, वाढलं तर डोस कमी करू म्हणाले. मुंग्या वाढू नयेत म्हणून औषध चालू असताना हातपाय गार ठेवायला त्यांची हरकत नाही, पण डे-केअरमध्ये ती सोय नाही. गेल्या वेळी नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून नेला. अर्ध्या तासात पाणी, ओघळ थेट सलाइनच्या स्टँडखाली. सिस्टरांनी पुसलं बिचाऱ्यांनी.

काढे, तेलं कृपया सुचवू नका. आम्ही दांडिया बाजारात राहतो, पुढचा डोस गुरुवारी आहे. तासभर गार राहणारे जेलचे हातमोजे-पायमोजे इथे कुणी कुठून घेतले? आणि ज्यांच्या घरी 12 पूर्ण झाले, त्यांच्या मुंग्या नंतर किती महिन्यांनी ओसरल्या?