वडिलांच्या अंडकोषात पू, रिपोर्टमध्ये ई. कोलाय. हा जंतू तिथे गेला कसा?

नमस्कार मंडळी, वडील ६१ वर्षांचे, उभं आयुष्य सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात गेलं. शुगर जुनी. महिनाभर रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, जळजळही होती. "उन्हाळा बाधतोय" म्हणत धण्याचं पाणी पीत राहिले. मग डावी बाजू सुजली. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात; आमचे भावजी मेडिकल दुकानात आहेत, म्हणून त्यांना "कंबर धरलीय" सांगून दुखण्याच्या गोळ्या आणल्या! थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे बोलले. सोनोग्राफीत पू निघाला, चिरा देऊन काढला. पूच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) ई. कोलाय.

खरी अडचण पुढेच आहे. भेटायला आलेला एक नातेवाईक म्हणाला, "असलं दुखणं बाहेरच्या भानगडींनी होतं." तेव्हापासून आई गप्प आणि वडील भिंतीकडे तोंड करून. हे खरं असतं का? आणि घरी आल्यावर काय बघायचं?

प्रतिसाद १:
लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, डॉक्टर नाही. ई. कोलाय आपल्या आतड्यात राहणारा जंतू. या वयात प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढली की लघवी तुंबते, तिथे तो वाढतो आणि वीर्यवाहिनीतून उलटा अंडकोषापर्यंत उतरतो. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे जंतूही त्याच वाटेने. तुमच्या नातेवाइकाच्या डोक्यातले म्हणजे गनोरिया, क्लॅमिडिया, लैंगिक संबंधातून पसरणारे. ते जास्त करून तरुणांत, आणि ते या रिपोर्टमध्ये नाहीतच. कातडीवरच्या गळवात बहुधा स्टॅफिलोकोकस हा वेगळाच जंतू असतो.
शुगर सैल सोडू नका. कातडी काळी पडली, घाण वास आला, दाबल्यावर कुरकुरलं किंवा वेदना भलतीच वाढली तर सकाळची वाट न बघता रात्रीच सिव्हिल गाठा. ते फोर्निअर गँगरीन असू शकतं, म्हणजे त्या भागातलं मांस सडणं; ते तासातासाला पसरतं. आणि जखम आठवडे उलटूनही वाहत राहिली तर टीबीची तपासणी करायला सांगा. अँटिबायोटिक मध्येच बंद नको.

प्रतिसाद २:
गावाकडे शेळ्या आहेत का? कच्चं दूध पिणाऱ्यांत ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूनेही अंडकोष सुजतो. तुमचा जंतू सापडलाय, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

धागाकर्ता:
आभारी आहे. शेळ्या नाहीत. प्रोस्टेटची तपासणी सांगितली आहे. पहिला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "मग लघवीचं तेव्हाच का नाही सांगितलं?" म्हणून वडिलांवर वॉर्डातच ओरडली. दहा दिवसांनी बोलली, एवढंच.