मदत हवी आहे: 'क्लेम'ला मराठीत नेमकं काय लिहू?

नमस्कार मंडळी,

गावच्या बचत गटासाठी मी विम्याचं एक पानी पत्रक मराठीत करतेय, ते सरकारी योजनांमधलं 436 रुपयेवालं जीवनज्योती आणि 20 रुपयेवालं सुरक्षा, दरवर्षी खात्यातून पैसे कटतात पण माणूस गेल्यावर घरच्यांना 2 लाख मिळतात (सुरक्षामध्ये अपघाती मृत्यू असेल तर) हेच कित्येक जणींना माहीत नसतं. त्यात ओळीओळीला क्लेम येतो आणि मी तिथेच अडकलेय.

आधी सरळ 'दावा' लिहिलं. बैठकीत वाचून दाखवलं तर एक काकू, मागच्या वर्षी नवरा गेलाय, पत्रक घडी करून माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "दावा-बिवा नको गं बाई, भावकीतला एक चालूच आहे." त्यांना दावा म्हणजे दिवाणी कोर्ट, वकील, तारखा. जुन्या मराठीत तर दावा म्हणजे वैरच, दावा साधला म्हणतोच ना आपण. आणि त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला दावा म्हणजे पेपरातला, 'अमक्या नेत्याचा दावा', म्हणजे खरं की खोटं अजून ठरायचंय. दोघींचंही बरोबर आहे, पण विम्यात ना भांडण आहे ना शंका, हप्ता भरलाय, पैसे हक्काचे आहेत!

'मागणी' लिहिलं तर कुणाकडे हात पसरल्यासारखं वाटतं. 'हक्क सांगणे' अर्थाला सगळ्यात जवळ, पण 'हक्क सांगण्याचा फॉर्म द्या' असं बँकेत कोण म्हणणार?

दुसरी अडचण अनक्लेम्ड डिपॉझिटची. 10 वर्षं खात्यात काही व्यवहार नाही झाला की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात भरते, तरी वारसांना ती नंतरही मिळते, बऱ्याच बँकांचं रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या वेबसाइटवर शोधताही येतं. याला 'बेवारस ठेवी' म्हणतात पण मला ते लिहवत नाहीये, बेवारस म्हटलं की प्रेतच आठवतं, आणि इथे तर वारस समोर सतरंजीवर बसलेत, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही. 'न मागितलेल्या ठेवी' चालेल का?

बायका आपसात 'क्लेम टाकला का' असंच बोलतात, म्हणून 'क्लेम'च ठेवावा असं आता वाटतंय, पण बँकेतल्या मराठी फॉर्मवर 'दावा' छापलेलं दिसलं की काकू पुन्हा घाबरून घरी येतील. विम्याच्या किंवा बँकेच्या कामातलं कुणी असेल तर प्लीज सांगा, तुम्ही समोरच्याला हे कोणत्या शब्दांत समजावता? शनिवारी परत बैठक आहे, त्याआधी झेरॉक्स काढायच्यात.