समुद्रात हरवलेला अणुबॉम्ब वर काढावा की गाळातच राहू द्यावा?

कोथरूडकर:
शनिवारी पुण्यातल्या आमच्या विज्ञान मंडळात हा विषय आहे. ५ फेब्रुवारी १९५८ ला अमेरिकेत टायबी बेटाजवळ बी-४७ विमानाची एका लढाऊ विमानाशी टक्कर झाली आणि वैमानिकाने मार्क-१५ बॉम्ब उथळ पाण्यात टाकून दिला. तो अजून सापडलेला नाही. किनाऱ्याजवळची अशी वस्तू काढायलाच हवी, असं मला वाटतं. २००४ मध्ये तिथे किरणोत्सारही जास्त आढळला होता. स्पेनजवळचा पालोमारेसचा बॉम्ब १९६६ मध्ये सुमारे ८७० मीटर खोलीवरून काढला, मग इथे काय अडतं?

गाळमापक:
खोली नाही, गाळ अडतो. पालोमारेसचा बॉम्ब तळावर पॅराशूटसकट उघडा पडला होता आणि पडताना एका मच्छीमाराने पाहिला होता. तरी पहिल्या खेपेला दोर तुटला, बॉम्ब पुन्हा हरवला आणि ७ एप्रिलला हाती आला. टायबीचा बॉम्ब हवाईदलाच्या २००१ च्या अंदाजानुसार दीड ते साडेचार मीटर गाळाखाली आहे, नेमका कुठे ते ठाऊक नाही.

मॅग्नेटोमीटर (लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपणारं यंत्र) ओढत नेला तरी ही चुंबकीय खूण अंतराच्या घनाने घटते. १ टन लोखंडाची १० मीटरवर साधारण १० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), २० मीटरवर जेमतेम सव्वा. म्हणून सेन्सर तळालगत हवा आणि फेऱ्या दाट हव्यात. त्यातही जुने नांगर, साखळ्या यांच्या खुणा मिळतात आणि प्रत्येक तपासावी लागते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरातल्या गाळाचा अभ्यास होतो. तिथलं कुणी ओळखीचं असेल तर जरूर बोलवा.

स्पेक्ट्रम:
२००४ च्या नोंदींवर विसंबू नका. बॉम्बमधल्या युरेनियम-२३८ च्या क्षय-साखळीतला ओळखीचा गॅमा किरण १००१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. तो दर १० सेंमी पाण्यात निम्मा होतो. दीड मीटरला पंधरा वेळा निम्मा, म्हणजे बत्तीस हजारांतला एक भाग, आणि गाळात त्याहून कमी. २००५ च्या अहवालात तो किरणोत्सार वाळूतल्या मोनाझाइटचा ठरला. केरळच्या किनाऱ्यावर सापडतं तेच थोरियमयुक्त खनिज. नुसते काउंट (यंत्रावर पडलेल्या किरणांची संख्या) मोजून हे कळत नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे किरणांची ऊर्जेनुसार विभागणी, घेतला की थोरियमच्या साखळीचं शिखर २६१४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतं.

गाळमापक:
आणि काढताना भीती आहे ती आतल्या सुमारे १८० किलो साध्या स्फोटकांची. सुमारे ३,४०० किलोचा बॉम्ब सरळ ओढला तर खाली पोकळी होऊन गाळ त्याला धरून ठेवतो आणि ताण अचानक वाढतो. आधी पाण्याच्या झोताने कडेचा गाळ सैल करायचा, खालून पट्टा घालायचा, मग हळू ताण द्यायचा. पण हे सगळं पाण्याखाली उतरलेल्या माणसांना जुनाट स्फोटकांच्या हातभर अंतरावर करावं लागेल. ती फुटली तर माणसं जातील आणि युरेनियम पसरेल.

कोथरूडकर:
आणि प्लुटोनियम?

गाळमापक:
हवाईदल म्हणतं, अणुस्फोटासाठी लागणारी प्लुटोनियमची कॅप्सूल बसवलेली नव्हती. १९६६ च्या एका अधिकृत पत्रात मात्र हा 'पूर्ण', म्हणजे कॅप्सूलसकट, बॉम्ब म्हटला आहे. याच कारणाने तो विसरून जाणं मला मान्य नाही. तिथे ड्रेजिंग (तळाचा गाळ उपसणं) करू नये आणि प्रत्येक मोठ्या चक्रीवादळानंतर तळ पुन्हा मोजावा. गाळ वाहून जाऊन बॉम्ब उघडा पडला, तर मी काढायच्या बाजूने बोलेन.