मदत हवी आहे : दुपारी ब्रेकर पडतो, केळीला पाणी मिळत नाही

तापीकाठ_केळी : विहिरीवरील मोटारीचा ब्रेकर आठवडाभर रोज दुपारी पडतो आहे. दोनदा नवा बसवला, तरी तेच. बाग निसवणीवर (घड बाहेर पडण्यावर) आहे, त्यामुळे कोणता ब्रेकर घ्यावा एवढेच कृपया लवकर सांगावे.

फैजपूरकर : भाऊ, मोटार कितीची, ब्रेकर कितीचा, तो चालू करताच पडतो की काही वेळाने, आणि पडतो तो ब्रेकरच की स्टार्टर सुटतो, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तापीकाठ_केळी : साडेसात एचपीची सबमर्सिबल, पाटीवर 14 अँपिअर. ब्रेकर 16 चा, सी प्रकारचा. ब्रेकरच पडतो, तोही वीस-पंचवीस मिनिटांनी. रात्री वीज येते त्या रात्रपाळीच्या आठवड्यात एकदाही पडला नव्हता.

चोपड्याचा_भाऊ : सरळ 32 चा बसवा. माझा चार वर्षांपासून बिनतक्रार चालतो.

निवृत्त_वायरमन : भाऊंचा सल्ला कृपया ऐकू नये. ब्रेकरमध्ये दोन यंत्रणा असतात : शॉर्टसर्किट झाल्यास चुंबकीय गुंडाळी क्षणात खटका सोडते (सी प्रकारात नाममात्र प्रवाहाच्या 5 ते 10 पटींदरम्यान), तर थोडाच जास्त भार बराच वेळ राहिल्यास दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि मग खटका सुटतो. तुमचा ब्रेकर वीस मिनिटांनी पडतो, म्हणजे पट्टीच बोलते आहे. ही पट्टी साधारण 30 अंशांना जुळवलेली असते; मे महिन्यात उन्हातल्या लोखंडी पेटीत ती आधीच तापलेली असल्याने 16 चा ब्रेकर प्रत्यक्षात तेरा-चौदालाच पडू शकतो. पेटी कुठे आहे?

धुळेकर : पेटीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) अवश्य लावावा. ओल्या जमिनीत जीव वाचतो.

फैजपूरकर : अवश्य लावावा, परंतु प्रश्न तो नव्हता.

साक्रीचा_मास्तर : वायरमन आबा उष्णतेवर अडले आहेत. मूळ दोष डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा आहे. 63 केव्हीएच्या डीपीतून फेजमागे सुमारे 84 अँपिअरच मिळतात, म्हणजे अशा सहा मोटारी. आठ-नऊ चालल्या की विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो आणि तेवढेच पाणी ओढण्यासाठी मोटार जास्त प्रवाह घेते.

निवृत्त_वायरमन : मास्तर, दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. क्लॅम्प मीटर लावून प्रवाह मोजल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (भार जास्त झाल्यास स्टार्टर सोडणारा भाग) किती अँपिअरवर आहे, हेही पाहावे.

तापीकाठ_केळी : आज मोजले. सकाळी दोन फेजांमध्ये 405 व्होल्ट आणि 13.8 अँपिअर, दुपारी 345 व्होल्ट आणि 16.5 अँपिअर. पेटी खांबावर भर उन्हात होती, ती निंबाच्या सावलीत हलवली. रिले कुणीतरी 20 वर फिरवून ठेवला होता, तो 14 वर आणला. आता दुपारी ब्रेकर पडत नाही, स्टार्टर सुटतो!

निवृत्त_वायरमन : त्यानेच सुटायला हवे होते. इतके दिवस रिलेचे काम ब्रेकर करत होता. दिवसपाळीत पाणी सकाळीच भरून घ्यावे, आणि डीपीवरील सर्वांच्या सह्या घेऊन भारवाढीचा अर्ज द्यावा.

चोपड्याचा_भाऊ : माझ्या मोटारीचा रिले कुठे असतो?