‘जंगल’ आणि ‘जांगल’: कोरड्या प्रदेशाचा शब्द वर्षावनाला कसा चिकटला?

प्रश्न

अकरावीच्या भूगोलाची टिपणे मराठीत लिहिताना मी अॅमेझॉनच्या खोऱ्यासाठी ‘विषुववृत्तीय जंगल’ असा शब्दप्रयोग केला. त्यावर संस्कृत शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी हरकत घेतली. ‘जांगल’ म्हणजे रुक्ष, उघडा, विरळ झाडीचा मुलूख. बारमाही पाऊस झेलणाऱ्या अरण्याला तो शब्द लावणे म्हणजे कोकणाला माणदेश म्हणण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. हे खरे असेल, तर अर्थ इतका उलटा कसा झाला? आणि ‘बायोम’ (एका प्रकारच्या हवामानातला वनस्पती-प्राण्यांचा विस्तृत समूह) व त्याच्या प्रकारांसाठी मराठीत कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद

व्युत्पत्तीच्या अंगाने आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल देशात आकाश मोकळे, वारे कोरडे, झाडे खैर-बोरीसारखी आणि जागोजाग मृगजळ. आनूप देशात नद्या, समुद्रकिनारा, नारळ आणि केळी. दोहोंची लक्षणे मिसळलेली असतील तो साधारण. ‘अनूप’ या शब्दात तर पाणीच आहे. ‘अनु’पुढे ‘अप्’ (पाणी) आला आणि अर्थ देशाचा असेल, तर ‘अ’चा ‘ऊ’ होतो, हे सांगायला पाणिनीने ‘ऊदनोर्देशे’ असे स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्याच्या लगतच्या सूत्रातून ‘द्वीप’ सिद्ध होतो. मनुस्मृतीत राजाने जांगल देशात वस्ती करावी असे सांगितले आहे, ते ‘जांगल’चा अर्थ घनदाट अरण्य असा घेतला तर कोड्यात टाकणारे आहे, मोकळा, कोरडा, निरोगी आणि धान्य पिकवणारा मुलूख असा घेतला तर सरळ लागते. बिकानेरच्या परिसराचे जुने नाव जांगळदेश होते आणि तिथले राजे ‘जंगलधर बादशाह’ ही पदवी मिरवीत, हेही याच अर्थाचे अवशेष होत.

मला या जुन्या त्रयीत विशेष वाटते ते असे, की तिने वनस्पतींवरून हवा ओळखली. व्लादिमिर कोपेन यांनी 1900 साली जगाच्या हवामानाचे वर्गीकरण मांडले, तेव्हा त्यांचीही वाट हीच होती. ते मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेले असल्यामुळे, वनस्पती जिथे बदलतात तिथे तापमान आणि पाऊस यांचे कोणते आकडे येतात, हे त्यांनी शोधले. सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली राहिले की झाडे संपतात आणि टुंड्रा सुरू होतो, ही त्यांची सीमा आजही वापरली जाते.

मात्र एक सावधगिरी हवी: पावसाच्या नुसत्या आकड्यावरून प्रदेश जांगल ठरत नाही. बिकानेरला वर्षाकाठी जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तिथे खेजडी, बोर, काटेरी झुडपे दिसतात. सैबेरियातल्या याकुत्स्कला त्याहूनही कमी, 25 सेंटिमीटरांच्या आतच पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, तरी त्या शहराभोवती लार्च वृक्षांचे अफाट अरण्य पसरलेले आहे. थंडीमुळे बाष्पीभवन थोडे होते आणि खालची गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही, म्हणून तेवढ्यावर झाडे तगतात. किती पडले यापेक्षा किती उरले, हा हिशेब निर्णायक ठरतो.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य करूनही ‘जंगल’ हा शब्द चूक ठरवता येणार नाही, असे मला वाटते. ‘जांगल’मध्ये कोरडेपणाबरोबर न कसलेल्या जमिनीचाही भाव होता, आणि मान्सूनच्या देशात जमीन कसायची सोडली की चार-दोन पावसाळ्यांत तिच्यावर झुडपे माजतात, त्यामुळे ‘ओसाड’पासून ‘झाडीने भरलेले’ हे अंतर वाटते तेवढे लांबचे नाही. इंग्रजीने हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडून उचलला आणि पुढे तो उष्ण प्रदेशातल्या निबिड अरण्यांना सर्रास लावला. ‘अरण्य’पासून आलेल्या ‘रान’ शब्दाने उलट दिशेचा प्रवास केला आहे: देशावर ‘मालक रानात गेलेत’ म्हणजे शेतावर गेलेत.

शास्त्रीय लेखनात मात्र अॅमेझॉन, काँगो, इंडोनेशिया यांच्यासाठी ‘वर्षावन’ लिहावे. ‘बायोम’ला ‘जीवसंहती’ योग्य आहे, पण तिची ‘परिसंस्थे’शी गल्लत होऊ नये, गावातले तळे ही परिसंस्था असते, जीवसंहती नव्हे. ‘तैगा’ (थंड प्रदेशातले सूचिपर्णी अरण्य), ‘टुंड्रा’ आणि ‘सवाना’ (विरळ झाडांचा उष्ण गवताळ प्रदेश) हे शब्द तसेच ठेवावेत. ‘भूमध्यसागरी’ हा शब्द खटकतो, कारण तो चिलीच्या मध्यभागाला, कॅलिफोर्नियाला आणि केप टाउनच्या परिसरालाही लावावा लागतो. तरी खंडांच्या पश्चिम कडेला 30 ते 40 अंशांच्या दरम्यान हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा, इतके सगळे दुसऱ्या एका शब्दात मावत नाही.

‘माळ’ या आपल्या शब्दाची मात्र उपेक्षा झाली आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 500 सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तिथे सदाहरित वने आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या दहिवडी-म्हसवडकडे तो 50 सेंटिमीटरांच्या आसपास उतरतो आणि कुसळी गवताचे माळ लागतात. चरकाचा जांगल देश पाहायचा असेल तर तो इथे आहे. अशा माळाला ‘पडीक’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण गवत ही त्या हवेची स्वतःची वनस्पती आहे. तिथे अरण्य होते आणि ते गेले, असे दर वेळी गृहीत धरता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांची आभारी आहे. ‘वर्षावन’ अशी दुरुस्ती केली. एकच शंका उरते: ‘तैगा’ दक्षिण गोलार्धातल्या अरण्यांनाही म्हणता येईल का?

प्रतिसाद

नाही. तैगाला लांब, कडाक्याचा हिवाळा आणि छोटा उन्हाळा लागतो, आणि तो समुद्रापासून दूर, मोठ्या भूखंडांच्या पोटातच मिळतो. दक्षिणेत 50 ते 65 अक्षांशांच्या दरम्यान जवळपास सगळा महासागर आहे. दक्षिण अमेरिकेचे टोक तेवढे तिथे पोहोचते, आणि तेही समुद्राने वेढलेले असल्यामुळे तिथला हिवाळा सैबेरियाइतका कडक होत नाही. टिपणात ‘उत्तर गोलार्धातील’ हे विशेषण तैगाला न लावले तरी चालेल.